कंसाचा चावा

दातांच्या बाबतीत पेडण्यात माझ्याइतका आधुनिक माणूस सापडणार नाही. हरमलच्या उतारावर स्कूटर घसरली, वरचे पुढचे तीन दात गेले, पण कवळीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट हाडात इम्प्लांट बसवून घेतले! आता त्यांवर दात चढायचे तेवढे राहिले होते, आणि जत्रा बारा दिवसांवर आली होती.

जत्रेच्या नाटकात कंस मी. पण दातांशिवाय ‘देवकी’ म्हटलं की पहिल्या रांगेवर तुषार उडत. दिग्दर्शक कृष्णनाथने बजावलं, "बाबाजीकाका, दात आले नाहीत तर कंस बाबलीचा." तेव्हापासून बाबली रोज तालमीला येऊन माझ्या जबड्याकडे गिधाडासारखा बघत बसे.

"आता तोंडात लगदा भरून ठसा घेत नाहीत," डॉक्टर गौरवी म्हणाली. तिच्या हातात कंगव्याएवढा कॅमेरा होता. "हा केसाच्या जाडीचीही चूक करत नाही. तुम्ही फक्त नेहमीसारखे दात मिटा."

मी मिटले. पाचव्या दिवशी दात आले, बसवले, आणि तोंडच मिटेना! खालचे दात नव्या दातांवर मागून आपटत.

"तुमचं यंत्र चुकलं," मी म्हणालो.

तिने पडद्यावर स्कॅन काढला. "यंत्र बरोबर आहे. काका, त्या दिवशी जबडा पुढे का काढला होतात?"

तेव्हा आठवलं. मी तालमीतून थेट आलो होतो. महिनाभर जबडा पुढे काढून गर्जना करत होतो. दात मिटले ते मी नव्हे, कंसाने! मी तसा जबडा पुढे काढला मात्र, खट्! दात डब्याच्या झाकणासारखे बसले.

"नवे करायला पंधरा दिवस लागतील," गौरवी म्हणाली.

जत्रेला उरले होते सात. डोळ्यांपुढे बाबली माझा मुकुट घालून बघू लागला.

तरी तिने दुसरा स्कॅन घेतला. या वेळी मी संतासारखे दात मिटले. मग तिने सुमंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, आत बोलावलं आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली.

"मावशी, यातलं काकांचं रोजचं तोंड कुठलं?"

सुमंगलाने विचारसुद्धा केला नाही. बोट कंसावर. "हे. चाळीस वर्षं बघतेय. ते दुसरं कोणाचं गो?"

डॉक्टरने साक्ष मान्य केली आणि तेच दात ठेवले. जत्रेत कंस मीच केला. कडक उंडो पाव मात्र अजून जबडा पुढे काढून, डोळे वटारूनच तोडावा लागतो, आणि घरात कोणी दचकतसुद्धा नाही.