गेणबा तात्यांच्या लॅमिनेशनची चोरी

रावजी नानांच्या दारावर पाटी होती : 'श्री. रावजी, गुप्तहेर. पूर्ण गुप्तता राखली जाईल.' अक्षरं एवढी मोठी, की उसाच्या ट्रॅक्टरवर बसून जाणाऱ्यालाही वाचता यावीत. वर एक बल्बही होता. कळस गावात नाना गुप्तहेर आहेत हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधून काढणं, हे एकच काम खुद्द नानांनाही जमलं नसतं.

"नजर घारीची, कान सशाचं, आन् डोकं..." नवखा पाहुणा भेटला की नाना सांगत आणि इथं जरा थांबत. "डोक्याचं मी बोलत न्हाय. ते लोकांनी बोलावं."

लोक बोलत. नाना निघून गेल्यावर बोलत.

नानांनी आयुष्यभर एका साखर कारखान्याच्या गेटवर पहारा दिला होता. तिथं त्यांनी साहेबांच्या जीपची चोरीला गेलेली स्टेपनी शोधून काढली होती. ती जीपच्या मागंच लावलेली निघाली, पण नानांच्या आधी कुणी मागं जाऊन बघितलं नव्हतं, हा त्यांचा मुद्दा आजवर कुणाला खोडता आला नव्हता.

प्रगती ही त्यांची पुतणी आणि मदतनीस. तिला नेमताना नानांनी तिच्या अंगचे दोन गुण हेरले होते : तिच्याकडे स्कूटी होती आणि त्या स्कूटीत पेट्रोल असे. ती फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. "पुस्तकं वाचून फौजदार व्हता येतं, गुप्तहेर न्हाय," असं म्हणून नाना डाळिंबाच्या पानावरची कीड बघायचं भिंग धोतरानं पुसत.

आणि अभ्यास तरी कुठं करायचा होता? खरं दुखणं तेच होतं.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली तशी ग्रामपंचायतीची अभ्यासिका उघडली. उघडताना गावच्या दक्षता समितीनं नियम केला, की दोन डोसचं सर्टिफिकेट दाखवील त्यालाच आत प्रवेश. सर्टिफिकेट नसेल तर सख्ख्या बापालाही नाही. नियम कानाला बरा वाटतो. पण समितीतले सगळे साठीच्या पुढचे. म्हाताऱ्यांना लस आधी मिळाली ते योग्यच झालं, त्याबद्दल प्रगतीची काडीची तक्रार नव्हती. पोरांची पाळी आली तेव्हा लस संपली. पुन्हा आली तेव्हा एक डोस मिळाला, आणि दुसऱ्याची तारीख पडली ती परीक्षा होऊन गेल्यावरची.

तेव्हा अभ्यासिकेत पंख्याखाली कोण? तर गळ्यात सर्टिफिकेट अडकवलेली ज्येष्ठ मंडळी. समितीतले बापूसाहेब दुपारी राज्यघटनेचं जाड पुस्तक उशाला घेत, नेमकं मूलभूत हक्कांचं पान गालाखाली येईल असं. आणि परीक्षेची पोरं बाहेर लिंबाखाली, मोटारसायकलच्या सीटवर वह्या ठेवून. प्रगतीच्या घरात दोन खोल्या, सात माणसं आणि एक पिठाची गिरणी. गिरणी चालू असताना नागरिकशास्त्र डोक्यात शिरत नाही.

त्यातही राग कशाचा यायचा, तर या मंडळींपैकी निम्म्यांची लसीची नोंदणी प्रगतीनंच आपल्या फोनवरून केली होती. समितीचे अध्यक्ष गेणबा तात्या यांच्यासाठी तर ती उजाडायच्या आत उपकेंद्रावर गेली होती. लोक रांगेत चपला ठेवून नंबर धरत होते. तात्या घरी झोपलेले. मग प्रगतीनं आपल्या चपला रांगेत ठेवल्या आणि ऊन वर येईपर्यंत अनवाणी उभी राहिली. तात्या तिच्याच स्कूटीच्या मागं बसून आले ते थेट टोचून घ्यायलाच.

तर नवरात्राच्या पहिल्याच दिवशी त्या तात्यांचं सर्टिफिकेट चोरीला गेलं.

साधंसुधं नव्हे, बारामतीत लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट. कारखान्याच्या सभेत मिळालेल्या बिल्ल्याच्या फितीला अडकवून ते पडवीतल्या खुंटीवर टांगलेलं असे. आता खुंटीवर फीत तेवढी लोंबत होती. अभ्यासिकेच्या दारात बापूसाहेबांनी तात्यांना अडवलं. नियम म्हणजे नियम. अध्यक्ष पाळीनं तांबडे-पांढरे झाले आणि त्यांनी जाहीर केलं, की हे काम लिंबाखालच्या पोरांचंच. रविवारपर्यंत चोर सापडला नाही तर पोरांची नावं पोलिसांत जातील, पहिलं नाव प्रगतीचं. अभ्यासिका पोरांना खुली करा, या मागणीचा अर्ज घेऊन तीच पुढं होती ना!

प्रगतीनं मनाशी हिशेब केला. फौजदार व्हायचं तर नेमणुकीआधी पोलीस पडताळणी होते, आणि तिथं आपल्याच नावावर चोरीची तक्रार! चार वर्षांचा अभ्यास एका म्हाताऱ्याच्या खुंटीला टांगला जाणार होता.

"नाना, मी काय म्हणते, तात्यांचं सर्टिफिकेट..."

"गप," नाना म्हणाले. "तपास सुरू झालाय."

तपास तात्यांच्या पडवीत सुरू झाला. नाना गुडघ्यांवर बसले, भिंग लावलं आणि "हं" म्हणाले. मग सरकले आणि पुन्हा "हं" म्हणाले. उठताना मात्र त्यांना दोघांनी धरलं.

"फीत धारदार हत्यारानं कापलीया. विळी! खाली काळी माती सांडलीया. म्हंजे चोर शेतातनं आला."

"कळसमध्ये शेतातनं न आलेला माणूस कोण हाय, नाना?"

"आन् हे बघ." नानांनी चिमटीत दाणे धरले. "गहू. ज्वारी. हरभरा. करडई. एवढी धान्यं एका जागी कोण सांडतं?"

"कोण?"

"कबुतरं पाळणारा!"

गावात कबुतरं पाळणारा कुणी नव्हता. नानांच्या मते यावरून चोर किती सावध आहे हे दिसत होतं.

प्रगती आतल्या घराकडं बघत होती. तात्यांच्या मंडळी, लीलाबाई, देवापाशी माळ ओवत बसल्या होत्या. "आज्जींना विचारायचं का?"

"उपवासाच्या बाईला तपासात ओढू नये. आन् घरची लक्ष्मी संशयाच्या पलीकडं असती. तपासाचा पयला नियम."

"बरं, मग मी काय म्हणते, फोनवर..."

"गप. फोनवर चालतो त्यो तपास न्हाय, चांभारचौकशी."

दुसऱ्या दिवशी संशय बापूसाहेबांवर गेला. त्यांना अध्यक्षपद हवं होतं हे जगजाहीर होतं. नानांनी त्यांना पारावर गाठलं.

"काल सकाळच्याला कुठं व्हता?"

"अभ्यासिकेत, झोपलो व्हतो."

"साक्षीदार?"

"पाच जण हायती की."

"त्यांनी तुमाला बघितलं?"

"ते बी झोपलेले."

नाना बराच वेळ मिशी ओढत राहिले. पाच साक्षीदार, पाचही झोपलेले, आणि तरी कुणीच खोटं बोलत नव्हतं. असा मामला त्यांनी कारखान्यात फक्त रात्रपाळीला बघितला होता.

"मग टोळी हाय," त्यांनी निकाल दिला. "बारामतीची."

बारामतीला जायचं ठरलं. पेट्रोल प्रगतीचं, टोळी नानांची. वाटेत अंथुर्ण्यात नानांनी चहासाठी स्कूटी थांबवली आणि चहावाल्याला आपण गुप्त कामावर निघालोय हे सांगितलं. गिऱ्हाइकांनाही सांगितलं. तिथून निघताना एस.टी.तल्या कंडक्टरनं खिडकीतून त्यांना यश चिंतलं.

बारामतीच्या स्टँडजवळ गोकुळचं झेरॉक्सचं दुकान होतं. तात्यांचं लॅमिनेशन तिथलंच.

"डोसाची सर्टिफिकेटं चोरून इकनारी टोळी कुठं बसती?" नानांनी डोळे बारीक करून विचारलं.

"हितं समद्यांच्याच टोळ्या बसतात की, आजोबा. त्या बाकड्यावर," गोकुळ म्हणाला. त्याचं सगळं लक्ष मशीनमध्ये होतं. "हरवलं असंल तर दुसरं काढून द्या, जाड लॅमिनेशन मारतो. पाण्यात बुडवा, मातीत गाडा, काय बी हुनार न्हाय. कळसच्या एका आज्जीनं तर हात लावून बघितलं आन् म्हणाली, फरशीसारखं टणक झालंय की."

"आज्जीबिज्जी ऱ्हाऊ दे. टोळीचं बोल."

"दुसरं काढून द्या म्हणतोय तो, नाना," प्रगती म्हणाली. "मी पण कधीची तेच..."

"गप. बनावट सर्टिफिकेट काढतीस व्हय? चोराचं नाव सापडायचं सोडून आपलं नाव गुंतवायचं?"

प्रगती गप्प बसली. आणि परतीच्या वाटेवर, नानांचं सगळं वजन पाठीवर रेलत असताना, एकाएकी तिच्या मनात आलं की आपण आणखी थोडं गप्पच बसावं. कुणी ऐकणारच नसेल तर सांगायची घाई तरी कशाला?

रविवारी सभा तात्यांच्या अंगणात भरली. अभ्यासिकेत भरवता येईना, कारण अध्यक्षांनाच आत सोडत नव्हते. समिती खुर्च्यांवर, पोरं भिंतीकडेला, प्रगती पडवीच्या दाराशी. समोर तात्यांच्या हातात तक्रारीचा कागद, आणि त्यावर आपलं नाव तिला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं.

नाना उठले. खाकरले.

"मंडळी, चोर शेतकरी हाय. विळी वापरतो. घरात गिरणी हाय, म्हणून चार-चार धान्यं जवळ बाळगतो. त्याचं घराच्या आत जाणंयेणं हाय, आन् कुत्रं त्याला भुकत न्हाय. समदे पुरावे एकाच दिशेला बोट दावत्यात. काळजावर दगड ठेवून सांगतो..." आणि नानांनी हात लांब करून, डोळे घट्ट मिटून, बोट पुतणीकडं रोखलं. "ह्यो बघा चोर!"

नेमकं तेव्हाच लीलाबाई साबुदाण्याच्या खिचडीचं ताट घेऊन प्रगतीला बाजूला सारत दारात आल्या. नानांचं बोट थेट त्यांच्या कपाळावर.

"माझ्यावर बोट कशापायी?" लीलाबाई म्हणाल्या. "काय हरवलंय?"

"डोसाचं सर्टिफिकेट!" तात्या ओरडले. "खुंटीवरचं!"

"ते व्हय? घटाखाली हाय."

नानांचं रोखलेलं बोट हळूहळू खाली आलं.

"मागल्या साली घटाचं पाणी झिरपून पाट फुगला. औंदा म्हटलं खाली टणक कायतरी घालावं. ते दिसलं. फीत काय सुटंना, म्हणून इळीनं कापली. माती आन् दाणं परडीतनं जरा सांडलं खाली."

"आन् तीन दिस बोलली न्हाईस?"

"मला इचारलं कुणी?"

सगळे देवघराच्या दाराशी गोळा झाले. पाटावर काळी माती, मातीत वीतभर नाही पण चांगले बोटभर कोंब आलेले, मध्ये घट, त्यावर माळा. आणि मातीच्या कडेनं लॅमिनेशनचा एक चकचकीत कोपरा डोकावत होता. कळसमधल्या त्या दिवशीच्या सगळ्यात सुरक्षित वस्तूचा.

तात्यांनी हात पुढं केला.

"घट हलवता?" लीलाबाईंनी एवढंच विचारलं. "दसऱ्याआधी?"

तात्यांचा हात जसा गेला तसा परत आला. बसलेला घट दसऱ्याशिवाय हलत नाही. तो नियम समितीनं केलेला नव्हता, म्हणून त्यात पळवाट नव्हती.

"म्हणजे दसऱ्यापतुर तात्या भाईर," बापूसाहेब हळहळून म्हणाले. हळहळताना त्यांना हसू आवरत नव्हतं. "कागद हातात पायजे, असा नियमच हाय."

"आता मी बोलू का, नाना?" प्रगती म्हणाली.

या वेळी "गप" म्हणायला नाना भानावर नव्हते.

"तात्यांची नोंदणी माझ्या नंबरवर आहे. सर्टिफिकेट आत्ता फोनवर निघतं. ओटीपी माझ्याच फोनवर येतो. हेच सांगत होते मी पहिल्या दिवसापासून."

"मग काढ की, पोरी!"

तिनं नंबर टाकला. फोन टिंग वाजला. सगळी समिती त्या फोनकडं बघत होती.

"आला," ती म्हणाली. "सांगते. पण त्याआधी मला एक सांगा तात्या. तुमाला डोस आधी मिळाला, आमच्या मनात काय नव्हतं. आमीच नेलं तुमाला. मग आमचा डोस आला नाय ह्यात आमचा गुन्हा काय? ज्याला मिळालाच नाय त्याच्याकडं कागद मागायचा, आन् वर त्यालाच चोर म्हणायचं?" तिनं फोन छातीशी धरला. "तुमाला झोपायला घर आहे. आमाला अभ्यासाला ती एकच खोली आहे."

तात्या हातातल्या तक्रारीच्या कागदाची घडी घालत राहिले.

"हा आकडा बाद झाला," प्रगती फोनकडं बघून म्हणाली. "दुसरा मागवते."

दुसराही आला आणि त्याचीही वेळ संपत आली. बापूसाहेबांना एकदम काहीतरी आठवलं. "प्रगती, माझी नोंदणी कुणाच्या नंबरवर हाय गं?"

"माझ्याच."

"आन् माझी?" मागून एकानं विचारलं. त्याला उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

समितीची बैठक तिथल्या तिथं, उभ्यानंच झाली आणि गावाच्या इतिहासात सगळ्यात लवकर संपली. अभ्यासिकेत परीक्षेची पोरं बसतील, खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, बाकावर एक आड एक. एक डोस असला तरी चालेल. ज्येष्ठांना पेपर वाचायला पार आहे, वारा मोकळा आहे, आणि झोप कुठंही लागते. तात्यांनी तक्रारीचा कागद चार वेळा फाडला आणि तुकडे खिशात घातले.

तिसरा ओटीपी प्रगतीनं मोठ्यानं वाचून दाखवला.

"बघितलंत?" नाना सगळ्यांना सांगत होते. "बोट बरोबर लीलाबाईंवरच रोखलं व्हतं मी! डोळं मिटून!"

दसऱ्याला घट उठला. संध्याकाळी तात्या अभ्यासिकेशी आले. टोपीत घटाचे कोंब खोवलेले, एका हातात सोन्याची पानं, दुसऱ्यात ते लॅमिनेशन. त्याचा एक कोपरा उसवून आत मुळं शिरली होती, आणि जिथं तात्यांचं नाव होतं तिथं आता नुसता चिखल दिसत होता. आत पोरं मान खाली घालून वाचत होती. तात्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

"सोनं द्यायला आलतो," ते हळू म्हणाले. "आत येऊ का? कागद आणलाय, पर नाव काय दिसत न्हाय."

प्रगती उठली, शेजारची खुर्ची पुसून पुढं ओढली.

"या, तात्या. कागद राहू द्या. तुमच्या डोसाच्या रांगेत चपला माझ्याच होत्या."