महाराजांच्या गाण्यातली घरघर

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. नदी होती, डोंगर होता आणि वडाच्या ढोलीत चक्क रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. तुमच्या शाळेत ग्रंथालय नसेल, पण जंगलात स्टुडिओ होता.

तिथल्या केबली सुगरण सांभाळायची. घरटं विणणारी चोच ती! कुठली तार तुटली, कुठला जॅक सैल झाला, ते तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

एके दिवशी खुद्द वाघोबा महाराज जंगलगीत गायला आले. गायले. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर मागे एकसारखं घूंऽऽ घूंऽऽ.

"हे काय?" महाराज गुरगुरले.

"केबल जुनी आहे, महाराज," सुगरण म्हणाली. "दोन तारांची. वाटेत विजेची घरघर शिरते. उद्या तीन पिनांची लावते. तिच्यात घरघर शिरली, तरी शेवटच्या टोकाला गळून पडते."

दिवसभर खपून तिने नवी केबल बनवली. तारा सोलल्या, डाख देऊन एकेक पिनेला जोडल्या, ओढून पाहिल्या. इतकं देखणं काम तिच्या चोचीतून आजवर झालं नव्हतं. कधी एकदा ऐकते, असं तिला झालं.

महाराज पुन्हा गायले. जमलेल्या साऱ्या जंगलाला रेकॉर्डिंग ऐकवलं. घूं पार गेलं. महाराजांचा आवाज लख्ख ऐकू आला.

माकड फांदीवरून पडलं. हरिणीने पाडसाला पोटाशी धरलं.

"हे कुणाचं रेडकू रेकतंय?" महाराजांनी विचारलं.

ध्वनिमंत्री कोल्होबा घाईघाईने म्हणाले, "केबलचा दोष, महाराज!"

एवढं मात्र सुगरणीला सोसेना.

"केबल ठणठणीत आहे," ती बोलून गेली. "ती वाटेतली घरघर काढते. गळ्यातली काढणारी केबल अजून निघालेली नाही."

महाराजांची नखं बाहेर आली. सुगरणीला घरट्यातली तीन पिल्लं आठवली.

कोल्होबा खाकरले. "महाराज, गळा तर निर्दोषच. केबलही ठणठणीत म्हणे. म्हणजे दोष राहिला ऐकणाऱ्यांच्या कानांत!"

"अस्सं!" नखं आत गेली. "मग सगळ्यांचे कान कोरा. बारीक चोच कुणाची आहे?"

सगळ्यांनी सुगरणीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ढोलीबाहेर रांग लागली. सुगरणीने हरिणीच्या कानात डोकावलं.

"मळ नाहीच गं, बाई."

"म्हणजे परत तसंच ऐकू येणार?" हरिणीला रडू फुटलं.

सुगरणीने इकडेतिकडे पाहिलं. सावरीचा कापूस घेतला आणि हरिणीच्या दोन्ही कानांत गच्च बसवला. मग रानडुकराच्या. मग कोल्होबांच्या, त्यांनी तर स्वतःहून कान पुढे केले. सशाला कापूस फार लागला.

संध्याकाळी महाराज तिसऱ्यांदा गायले. श्रोते डोळे मिटून डोलले. कोल्होबांनी तर उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा दुसरं कडवं चालू होतं.

महाराज प्रसन्न झाले. त्यांनी रोज सकाळी गायचं ठरवलं. सुगरणीला 'कर्णशुद्धिरत्न' हा किताब मिळाला आणि रेकॉर्डिंगचं काम जन्मभरासाठी मिळालं.

तिला मात्र कापूस घालता येत नाही. तिच्या कानांवर हेडफोन असतात.

तात्पर्य: तार कुठेही तुटलेली असो, डाख नेहमी श्रोत्यांच्या कानाला द्यावा.