काटकसरीचा आलेख

राष्ट्राला इंधनाचा तुटवडा आहे आणि तो घराघरांतून भरून काढायचा आहे, असं परिपत्रक भोपाळहून आलं. आमच्या मल्हारगंजात लोकांनी त्यात शेव बांधली. वाचलं फक्त मी. अर्थशास्त्रात बी.ए. केलेल्या बाईला परिपत्रक दिसलं की राहवत नाही.

अच्युत आठ महिन्यांचा. त्याचं दूध मी तीनदा उकळते. जंतूंचा काय भरवसा? त्यापायी महिन्याचं दहा लिटर घासलेट वीस तारखेलाच संपायचं. म्हणून मी एका खोक्यात गवत आणि जुनी गोधडी भरली. डाळीला एक उकळी आणायची, पातेलं खोक्यात दडपायचं. दुपारपर्यंत डाळ आपोआप शिजते. स्वयंपाक सहा लिटरांत भागला, चार दुधाला उरले.

इथं थांबायला हवं होतं. मी आलेख काढून इंधन-काटकसर समितीला पाठवला. दूध त्यात दाखवलं नाही. तीनदा उकळणं जरा अडाणी दिसत होतं.

समितीचे निरीक्षक दिवाकरजी आले. त्यांनी डाळ चाखली, मीठ कमी असल्याची नोंद केली.

"कमाल केलीत, भाभीजी! या घराला सहा लिटर पुरतात, हे आपणच सिद्ध केलंत. आता कोटा सहाचाच."

"आणि उरलेले चार?"

"समोरच्या गंगूबाईंना. त्यांचा स्टोव्ह दिवसभर पेटलेला असतो. गरज सिद्ध आहे."

"अहो, पण बाळाचं दूध?"

"खोक्यात ठेवा ना. आप तो पढ़ी-लिखी हैं."

ठेवलं. संध्याकाळपर्यंत नासलं.

तेव्हापासून दुधाचं पातेलं घेऊन मी गंगूकाकूंच्या दारात उभी असते.

"ये गं, ग्रॅज्युएट," त्या म्हणतात. "स्टोव्ह चालूच आहे. वर काही नसलं तरी मी बंद करत नाही. तो तपासणीवाला भिया कब टपक पड़े, काय सांगावं!"

परवा फेरतपासणी होती. काकूंकडून बाटलीभर घासलेट उसनं आणून मीही सकाळपासून वर काही न ठेवता स्टोव्ह पेटवून ठेवला. अच्युत पाळण्यातून निळ्या ज्योतीकडे बघून टाळ्या वाजवत होता. दिवाकरजींनी समाधानानं लिहिलं, 'गरज सिद्ध.' मात्र कोटा वाढवायचा तर दुसऱ्या कुणाचा तरी कमी व्हायला हवा, म्हणाले.

समितीनं माझा आलेख छापून घरोघर वाटला आहे. तुम्हाला तो पटला असेल, तर समितीला जरूर लेखी कळवा. पत्ता स्पष्ट लिहा. आणि तुमचं वाचलेलं घासलेट कुणाला द्यावं, असं विचारलंच, तर माझं नाव सांगा.