मागील बाजू पाहणी उपसमिती

विजापूर रोडवरच्या सिद्धकृपा सोसायटीनं एक ठराव एकमतानं मंजूर केला होता: गुरप्पाअण्णांच्या घरच्या टीव्हीचा आवाज बाराच्या वर जाता कामा नये. अण्णांची उभी हयात होटगी जंक्शनवर इंजिनांच्या भोंग्यांत गेलेली. त्यांचे कान त्यांच्याआधी दोन वर्षं निवृत्त झाले होते. त्यांना चाळीस लागायचा, आणि चाळीसवर समोरच्या विंगेतली भांडी मांडणीत नाचायची. शेजाऱ्यांचंही काही चूक नव्हतं. म्हणून सोसायटीनं उदार मनानं त्याच ठरावात पोटकलम घातलं, की अण्णांनी सभागृहातल्या मोठ्या टीव्हीवर हवं ते बघावं आणि त्याचा आवाज वाढवायला सोसायटी होम थिएटरचा रिसीव्हर घेईल, स्पीकरसकट.

अण्णांना ऐकायचं होतं एकच. नात दानेश्वरी राज्याच्या खो-खो संघात होती, आणि तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी तिचा सामना टीव्हीवर थेट दिसणार होता.

"बघायला डोळं हायती की," अण्णा म्हणायचे. "पण त्या बोलणाऱ्यानं पोरीचं नाव घेतल्यालं ऐकायचंय. एकदाच. मग कान पार गेलं तरी चालतंय."

चिटणीस वीरभद्रप्पा हे निवृत्त अव्वल कारकून. त्यांनी हे मनावर घेतलं, आणि तिथंच घात झाला.

नव्या पेठेतल्या टीव्हीच्या दुकानात मालक शरणबसवनं साधा प्रश्न केला, "टीव्हीच्या मागं काय हाय? एचडीएमआयची भोकं किती? का जुनी लाल-पांढरी-पिवळी पिन? रिसीव्हर त्याच्यावर ठरतंय. मागचा एक फोटो आणा, धा मिनिटांत बांधून देतो."

आता एक फोटो काढायचा, एवढंच. पण टीव्ही चोरीला जाऊ नये म्हणून देणगीदार युवराजशेठनी तो चारी बाजूंनी ग्रॅनाइटमध्ये पक्का बसवून दिला होता. आवाजही त्यामुळे आतल्या आत कोंडलेला. आणि ग्रॅनाइटवर कोरलं होतं, 'मातोश्री मायाक्का यांच्या पुण्यस्मरणार्थ'. शेठना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले, "आमच्या आईला छिन्नी लावायची न्हाय."

तेव्हा वीरभद्रप्पांनी 'मागील बाजू पाहणी उपसमिती' नेमली. उपसमितीनं दोन संध्याकाळी टॉर्च घेऊन टीव्हीची समोरून कसून पाहणी केली आणि अहवाल दिला: 'सदर टीव्हीस मागील बाजू आहे, असे गृहीत धरण्यास हरकत नसावी.' अहवाल टाळ्यांच्या गजरात स्वीकारला गेला.

या भक्कम पायावर दरपत्रकं मागवली. नियमानं सर्वांत स्वस्त तेच घ्यायचं. पण सर्वांत स्वस्त रिसीव्हरला चित्राची एकही जोडणी नव्हती. मग ठरलं, मागं काय आहे ते माहीतच नाही, तर ज्याला सगळंच आहे असाच घ्यावा. त्याला सात एचडीएमआय होते. त्यावर महिला मंडळाच्या नीलम्मा उठल्या.

"लागतंय एक, घेताय सात. उरलेली सहा भोकं कुणाची?"

झालं. कुणालाच नको असलेली सहा भोकं एका रात्रीत सगळ्यांना हवीशी झाली. ए विंगला दोन, बी विंगला दोन, महिलांसाठी दोन राखीव. बी विंगनं हरकत घेतली, की आमची भोकं कडेला टाकलीत, हा कायमचा अन्याय आहे. सी विंग अजून बांधायचीच होती, तरी तिच्या वतीनं एक लेखी मागणी आली. न वापरलेल्या भोकांत पाली शिरतील म्हणून झाकणांची वेगळी दरपत्रकं निघाली, आणि झाकणांचा रंग कुठला, यावर चार दिवस गेले.

अण्णा रोज सकाळी चिटणिसांच्या दारात.

"झालं का, साहेब?"

"प्रक्रियेत हाय, अण्णा," वीरभद्रप्पा त्यांच्या कानाशी ओरडायचे.

"रविवार जवळ आलाय."

"रविवारपण रीतसरच येतोय की. काळजी करू नका."

अंतिम निर्णयाची विशेष सभा त्याच रविवारी, सामन्याच्याच वेळेला ठेवली गेली. कारण उघड होतं: तेव्हा सगळे सभागृहात असणारच होते.

रविवारी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खुर्चीत बसले. टीव्हीवर पोरी पळत होत्या, बोलणाऱ्याचं तोंड हलत होतं, आणि सभागृहात ग्रॅनाइटची शांतता. मागं सभा चाललेली. पण आज कुणी भांडत नव्हतं. विषय वाचला जात होता, हात वर होत होते, माना खाली. तेवढ्यात दानेश्वरीनं खांबाशी असा सूर मारला की समोरची पोर जागच्या जागी बाद, आणि अख्ख्या सभेनं एका दमात "हाणली" म्हणून मांड्यांवर थापा मारल्या.

अण्णांनी वळून बघितलं. प्रत्येकाच्या मांडीवर मोबाइल होता, मोबाइलवर सामना होता, आणि प्रत्येकाच्या कानात इअरफोनचं पांढरं बोंडूक होतं. त्यांनी वीरभद्रप्पांचा हात धरला.

"नाव घेतलं का वो पोरीचं?"

वीरभद्रप्पांनी एका कानातलं बोंडूक काढलं. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. "तीनदा घेतलं, अण्णा. लई झकास घेतलं," ते म्हणाले, आणि बोंडूक परत कानात घातलं.

इतिवृत्तात नोंद झाली: 'दानेश्वरीचे अभिनंदन. रिसीव्हरचा विषय मागील बाजू दिसेपर्यंत तहकूब.' खाली बावीस सह्या, त्यात अण्णांचीही. कशावर करतोय ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

वीरभद्रप्पांचा राग आला असेल तुम्हाला. येणारच, माणूस तसाच आहे. पण शिव्या घालण्याआधी जरा मान वर करा. मघापासून घरातलं कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारतंय, आणि तुम्ही आतापर्यंत दोनदा नुसतं 'हं' म्हणालात.