बब्रुवानपेक्षा एक गिअर जास्त

मी मुळात गाडी घेणारा माणूस नाही. जळकोटच्या सोसायटीत कारकून होतो आणि सायकलवर खूश होतो. पण शेजारच्या बब्रुवानने मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप आणली, मागचा भाग कापून कडबा वाहायला उघडा हौदा बसवला, आणि दुष्काळाच्या त्या साली आमच्या घरात पाण्यापेक्षा बब्रुवानचंच नाव जास्त निघू लागलं.

"बब्रुवान भावजींची गाडी तेरणा नदीच्या वाळूतनं बी न अडकता जाती म्हनं," भाकरी थापता थापता मालनबाई (माझी बायको) म्हणाली. मी हातातला घास ताटात ठेवला. खोटं कशाला सांगू, मी जळलो.

महिनाभरात तसलीच जीप माझ्याही दारात आली. (दारापर्यंत बैलांनी ओढून आणली.) मग मी वही घेऊन बसलो. बब्रुवानचा हौदा सहा फुटांचा, माझा सात. त्याचे टायर मोठे, माझे त्याहून मोठे. त्याला एक हॉर्न, मला दोन. राहता राहिला गिअरबॉक्स.

"तीन गिअरचाच राहू द्या, सायेब," हमरस्त्यावरचा मिस्त्री बिराप्पा म्हणाला. "खडकात, वाळूत तीन बास हायेत."

"बब्रुवानच्या गाडीला किती?"

"तीनच की."

"मग मला चार पाहिजेत."

"चारचा बसवायचा तर मागचं समदं उलगडावं लागंल."

"उलगड! पण बुधवारच्या आत."

बुधवारी माकणीला माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं, आणि बब्रुवान त्याच बाजूला कडबा घेऊन निघणार होता. "वहिनी, माझ्या गाडीत बसा," असं तो आधीच बोलून चुकला होता. माझी बायको माहेरच्या वेशीत त्याच्या गाडीतून उतरणार, हे नुसतं मनात आलं तरी मला जेवण जात नव्हतं. दोन दिवस बिराप्पाच्या डोक्यावर उभं राहून मी काम उरकून घेतलं.

बुधवारी सकाळी बिराप्पाच्या गॅरेजसमोरच मालनबाई आहेराची पेटी घेऊन ऐटीत हौद्यात बसली. (पुढची सीट दुसऱ्या हॉर्नच्या बॅटरीने अडवली होती.) मी पहिला गिअर टाकला. गाडी मागं गेली. दुसरा टाकला. आणखी जोरात मागं गेली. घाबरून रिव्हर्स टाकला, तेव्हा कुठं चार हात पुढं आली.

बिराप्पाने खाली वाकून पाहिलं. "घाईत मागची चाकं फिरवनारा डिफरन्शियल उलटा बसला, सायेब. आता चार गिअर मागं आन् एक पुढं, त्यो बी बैलगाडीच्या चालीचा. आनखी दोन दिस द्या."

तेवढ्यात बब्रुवान आलाच. "वहिनी, या इकडं."

मालनबाईने पेटी उचलली.

"बस खाली!" मी ओरडलो. "आपण असेच जाणार!"

आणि गेलो. जळकोट ते माकणी, अख्खी वाट उलटे. मालनबाई हौद्यातून ओरडायची, "डावीकडं घ्या! अवं, म्हस हाय म्हस!" बब्रुवानला आमची काळजी वाटली म्हणून तो पाठोपाठ निघाला. पाठोपाठ म्हणजे माझ्या तोंडासमोर. त्याचं बॉनेट माझ्या बॉनेटला टेकायच्या बेतात. मान दुखली म्हणून जरा सरळ बघावं, तर काचेतून तो हसून मला धीर देत होता. पण तेरणेच्या वाळूत माझी गाडी कुठंही अडकली नाही. "लई पळती की वो!" मालनबाई म्हणाली, आणि मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

माकणीच्या वेशीत वऱ्हाड उभंच होतं. सासरे श्रीपतीमामा जरीचा फेटा घेऊन धावले. मी डोकं पुढं केलं. मामा माझ्या बाजूने निघून गेले आणि थेट बब्रुवानपाशी थांबले.

"काय मानूस हाय ह्यो! बंद पडल्याली गाडी जळकोटपासनं ढकलत आनली! आमची लेक येळंवर आली ती तुमच्यामुळं, पाव्हणं!"

"अवं मामा, म्या न्हाय ढकलली," बब्रुवान गडबडून म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघू लागलं.

"मग गाडी उलटी कशी आली, जावईबापू?" मामांनी विचारलं.

चौथ्या गिअरच्या हट्टापायी हे झालं, असं भर वऱ्हाडात सांगणं माझ्याच्यानं होईना.

"त्यानंच ढकलली," मी म्हणालो.

लगेच वाजंत्री सुरू झाली. आणि घरचा जावई म्हणून बब्रुवानच्या गळ्यात हार मलाच घालावा लागला.