अकरावी खुर्ची

"चौतीस वर्षांच्या ऑडिटमध्ये माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही!" हे वाक्य अजिनाथराव वाघमोडे चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा म्हणत. मंगळवारी ते निवृत्त होणार होते. शेवटची तपासणी मैंदर्गीकडच्या एका कचेरीत. नाव कशाला सांगा, खुर्च्या सगळीकडे सारख्याच!

नोंदवहीत खुर्च्या दहा. अजिनाथरावांनी भर दुपारी सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये आणवल्या आणि माणसं बाहेर काढली. आत ते, आणि पाणी द्यायला शिपाई रत्नम्मा. मोजल्या. अकरा!

कमी भरल्या तर ऑडिटरला हुरूप येतो. जास्त भरल्या तर करायचं काय? ते बसले, घाम पुसला, उठून पुन्हा मोजल्या. अकराच! दहांच्या पाठीवर पांढरे नंबर, एकीची पाठ कोरी. मघाशी ती कोरी खुर्ची दाराशी होती, आता खिडकीशी! त्यांनी बैठकीला हात लावला. बाकीच्या गार, ही कोमट! कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

त्यांनी जुने शेरे उघडले. २०१६: "एक खुर्ची जादा, जमा घ्यावी." २०१९: "एक जादा." २०२२: "एक जादा." अक्षरं तीन माणसांची, पहिलं त्यांचं स्वतःचं! अंगावर सर्रकन काटा आला. तरी सवयीने हात चाललाच: "एक जादा, जमा घ्यावी." खाली सही.

रत्नम्माची नजर त्या खुर्चीवरून हलेना.

"साहेब, झालं का? मालक वाट बघायलेत खुर्चीची."

"कोण मालक?"

"हिच्यावर तेच बसतेत की. दुसरं कोन बसनार!"

"कुठं... कुठं असतात?"

"हितंच, मागं. मसणवट्याला लागून."

अजिनाथराव खुर्चीपासून दोन पावलं मागे सरकले. "चालत येतात?"

"पाय कुटं हायेत त्यास्नी! ही खुर्ची नसली की नुस्ते आडवे पडून असतेत."

अजिनाथराव दाराकडे वळले आणि पाण्याच्या तांब्याला अडखळले. ते कोसळणार, तेवढ्यात रत्नम्माने ती कोरी खुर्ची चपळाईने त्यांच्याखाली सरकवली. ते किंचाळलेच!

"अय्यो, साहेब! सकाळधरनं हिच्यावरच बसलाव की! तुमी जाताव तितं मी सरकवते!"

मालक म्हणजे तिचा नवरा, चनबसप्पा. पाय कामातून गेलेला, घर स्मशानाच्या वाटेवर. कचेरीच्या खुर्च्या मोडक्या, म्हणून ऑडिटच्या साहेबांसाठी ती घरची खुर्ची आणायची.

"चार होत्या. चांगली दिसली की तुमी लोकं नंबर टाकताव, मग बडे साहेब आपल्या खोलीत नेतेत. पैली तर तुमीच घालवली! आता घरी टेबल हाय, खुर्ची ही येकच. ही बी लिवली का, साहेब?"

लिहिली होती. अजिनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षांत स्वतःचा शेरा त्यांनी कधी खोडला नव्हता. तो खोडला. बाजूला कारण लिहावं लागतं: "मोजताना मोजणाऱ्याची धरली." मग खुर्ची स्वतः उचलून चनबसप्पाच्या दारात नेऊन ठेवली. आधीच्या तीन मात्र सुटल्या नाहीत. एकदा नंबर पडला की सरकार सोडत नाही.

मंगळवारी सोलापुरात निरोप समारंभ झाला. हार घातला, सगळे म्हणाले, "बसा, साहेब!" अजिनाथरावांनी आधी खुर्ची फिरवून पाठ पाहिली. कोरी!

"ही कोणाच्या घरची?"

मागच्या रांगेतल्या शिपायाने हळूच हात वर केला.

चारही भाषणं साहेबांनी उभ्यानं ऐकली!