विहीणबाई बसेनात

इंदिराबाई खुर्चीला जेमतेम टेकल्या आणि "हुश्श" करून लगेच उठल्या. पुन्हा टेकल्या, पुन्हा उठल्या. धुळ्याच्या देवपुरात रुपचंद पाटलांच्या बैठकीत साखरपुड्याला जमलेली मंडळी बघतच राहिली. नवऱ्या मुलाची आई काही केल्या बसत नव्हती.

कारण ठाऊक होतं ते फक्त त्यांच्या गुडघ्याला आणि जळगावच्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंना. इंदिराबाई एकेकाळी शाळेच्या खो-खो संघात होत्या, आणि पासष्टी उलटली तरी बोदवडला स्वतःच्या केळीच्या बागेत तरातरा फिरत. गुडघा कुरकुरू लागला तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी बजावलं होतं, "काकू, धपकन बसायचं नाही. कंबर मागे न्या, खुर्चीला नुसतं टेका आणि उठा. टाचा उचलू नका, हे काही खो-खोचं बसणं नाही. उठताना तोंडाने श्वास सोडा. आसनाची उंची बदलली की पुन्हा पहिल्यापासून. आणि लांबच्या प्रवासानंतर तर हे केल्याशिवाय बसूच नका, नाहीतर उठताना गुडघा धरेल."

बोदवडहून धुळे म्हणजे लांबचाच प्रवास. पण चारचौघांत गुडघ्याचं नाव काढायची सोय नव्हती. मुलगा ललित चौतिशीला आला होता. केळीवाला नवरा मुलींना नको होता, सगळ्यांना पुण्यात फ्लॅट हवा. एके ठिकाणी जमत आलं, तर मुलीच्या आईने विचारलं, "सासूबाईंचे गुडघे गेलेत म्हणे? मग पोरगी काय शेक द्यायला नेताय?" तिथेच मोडलं. आता रुपचंदांच्या कामिनीने होकार दिला होता. सुपारी फुटेपर्यंत गुडघ्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी इंदिराबाईंनी मुक्ताईची शपथ घेतली होती.

"ताई, बसा ना निवांत," रुपचंद म्हणाले.

"बसतेय की. हुश्श!"

कोपऱ्यात रुपचंदांच्या आई सुमनबाई बसल्या होत्या. त्यांची नजर अधू झाली होती, आठवण मात्र लख्ख. त्यांच्या लग्नात विहीण अशीच मांडवाच्या दारात नाकाने फुसफुसत उभी राहिली होती, ती पितळी हंडा आल्यावरच हलली. त्यांनी लेकाला जवळ ओढलं.

"रुपचंद, विहीणबाई रुसनी शे! खुर्ची दख, प्लॅस्टिकनी शे ती!"

रुपचंदांना घाम फुटला. शेजारून शिसवी खुर्ची आली. खुर्ची नवी, उंची नवी. इंदिराबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आई, बस ना गं," ललित कुजबुजला. "लोक बघताहेत."

"तू गप. हुश्श!"

"अजून फुसफुसस," सुमनबाई म्हणाल्या. "शाल आन, शाल!"

शाल आली. मागोमाग कामिनीच्या आईने स्वतःसाठी घेतलेली कोरी पैठणीही आली. इंदिराबाईंनी पैठणीकडे संशयाने पाहिलं. मध्येच एवढं देणं कशाबद्दल? ह्यांना गुडघ्याचा वास लागला की काय! मग आपण किती धडधाकट आहोत हे दाखवायला त्या आणखी झपाट्याने टेकू-उठू लागल्या. तो झपाटा पाहून रुपचंदांनी दोन भाच्यांना माडीवर पिटाळलं आणि मखमली सोफा खाली आणवला.

सोफा दिसायला राजेशाही, पण विहिरीसारखा खोल. इंदिराबाई कंबर मागे नेत गेल्या, नेत गेल्या, तरी टेकायला काही लागेना. शेवटी त्या अर्ध्यावरच अडकल्या. ना खाली, ना वर.

रुपचंदांनी हात जोडले. "ताई, काय चुकलं ते एकदा सांगून टाका!"

सांगणार कसं? श्वास रोखलेला.

तेवढ्यात सरबताचा ट्रे घेऊन कामिनी आली. मुलींच्या शाळेत ती कबड्डी शिकवायची. तिने एक क्षण पाहिलं, ट्रे ललितच्या हातात दिला आणि पदर खोचला.

"आई, तुमचे गुडघे आत वळताहेत. बाहेर घ्या, पायाच्या बोटांच्या रेषेत. हां. छाती वर. आता टाचांनी जमीन दाबा आणि उठा."

इंदिराबाई लोण्यासारख्या वर आल्या. रुपचंदांनी डोळे मिटून घेतले. कुंकू लागण्याआधीच पोरगी विहिणीला शिकवायला लागली! संपलं सगळं.

"तुला कसं कळलं गं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"रोज पोरींच्या मागे हेच तर ओरडत असते. परत एकदा करा."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"आत्ताच. चूक अंगात मुरायला नको."

इंदिराबाईंनी परत एकदा केलं. दुखलं नाही. मग मात्र त्यांच्याच्याने राहवेना. "गुडघा धरतो गं माझा," त्या बोलून गेल्या, आणि तोंडावर हात ठेवला.

"ते दिसलंच," कामिनी म्हणाली. "लग्नानंतर मीच बघेन रोज. पण या खोल सोफ्यावर नको. ती प्लॅस्टिकची खुर्ची काय वाईट होती?"

कोणीतरी फसकन हसलं, आणि बघता बघता हशा पसरला. रुपचंदांनी डोळे उघडले. सुमनबाईंनी तेवढी हनुवटीला हात लावला. "माय वो! आमना येळले सासू सूनले नाचाडे. आठे सूनच सासूले उठाबशा काढाले लावस!"

"फोडा हो सुपारी," इंदिराबाई घाईने म्हणाल्या, "तिने आणखी काही सांगायच्या आत."

गाडी बोदवडला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जाऊ कुंदाबाई ओट्यावर वाटच पाहत होत्या, डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

"खरं का ताई? साखरपुड्यातच सुनेने उठाबशा काढायला लावल्या म्हणे?"

"लावल्या की," पायरी चढताना इंदिराबाई म्हणाल्या. "आणि तुझा खांदा दुखतो, तेही सांगून आलेय मी तिला. लग्नापर्यंत काय हसायचं ते हसून घे."